घरात एक चोर असावा

काकूंच्या गोडेतेलाच्या बाटलीला बाहेरून एक काळा दोरा बांधलेला असे. आत तेल जिथवर, बाहेर दोरा तिथवर. फोडणी झाली की तेल उतरलं तेवढा दोरा खाली सरकवायचा. मला खोली दाखवायच्या आधी त्यांनी तो दोरा दाखवला. "पाहून ठेव," त्या म्हणाल्या. "मंग म्हनू नको का मले मालूम नव्हतं."

मंगरूळपीरला मी कॉलेजसाठी आले तेव्हा त्यांच्या घरी राहिले. आमचा तांडा पोहरादेवीच्या अलीकडे. आई-बाबा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, आणि घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून ओळखीतून ही खोली मिळाली. मिळाली म्हणजे काय, आधी माझी तपासणी झाली. आजोळ कोणतं, बापाचं आडनाव काय, बोलताना खाली का पाहते, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी ट्रंक उघडायला लावली. पुस्तकं एकेक उलटी धरून झटकली. एकातून एसटीचं जुनं तिकीट पडलं.

"हे काय?"

"तिकीट आहे, काकू. मानोऱ्याचं."

"मानोऱ्याले कोन हाये तुहं?"

"कोणी नाही. तिथं बस बदलावी लागते."

त्यांनी तिकीट उजेडात धरून नीट पाहिलं आणि ते ज्या पानातून पडलं होतं त्याच पानात परत ठेवलं. कोणतं पान ते त्यांनी कधी पाहून ठेवलं, मला आजही कळलेलं नाही.

त्यांच्याबद्दल लिहिताना मी जरा घाबरते. हे वाचलं तर विचारतील, "काहून लिवलं? कोनी सांगतलं?" पण लिहायचं मनात खूप दिवसांपासून आहे.

विधवा बाई. घरात साड्यांना फॉल-पिको करण्याचं मशीन होतं. गिऱ्हाईक साडी ठेवून गेलं की काकू तिच्या पदराच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक टाका घालत, म्हणजे कोणी साडी बदलून "हे माही नाही" म्हणालं तर पुरावा असावा. दुपारी झोपताना उंबऱ्यावर चिमूटभर पीठ भुरभुरत. कोणी येऊन गेलं तर पाऊल उमटावं. फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलत, कारण कानाला लावला की आतलं दुसरंच कोणी ऐकतं अशी त्यांना शंका होती. गल्लीत कोणी विचारलं, "कुठं चालल्या वो बाई?" तर त्या "कारंज्याले" म्हणत आणि वाशिमच्या गाडीत बसत. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "चोराले आपली दिशा मालूम नसावी."

पहिल्याच आठवड्यात तेल दोऱ्याच्या खाली गेलं. मी घेतलं नव्हतं. मी रडले, देवीची शपथ घेतली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "रडते म्हंजे घेतलं," त्या म्हणाल्या, "अन् शपथ घेते म्हंजे दोनदा घेतलं."

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांचे सासरे. त्या त्यांना मामाजी म्हणत, मी आबा म्हणायची. मेडशीकडचे शेतकरी. आयुष्य बैलांमागे गेलेलं. काकूंचे मालक वारले, मग शेत बटईनं दिलं, बैल विकले आणि आबांना इकडे आणलं. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला होता. पण आबा सगळंच विसरले नव्हते. बैलांची नावं, त्यांच्या खांद्यावरचे घट्टे, कोणता उजवीकडे जुंपायचा, हे पक्कं होतं. बैल विकल्याचं तेवढं विसरले होते.

बैल गेले पण त्यांचं दावं घरातच होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी गळ्यातलं दावं देत नाहीत. दाव्यासोबत गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. तर ते दावं, तागाचं, मधे मधे चिंध्यांनी बांधलेलं, आबांच्या खाटेजवळच्या खुंटीला असायचं. असायचं म्हणजे असायला पाहिजे होतं.

एका संध्याकाळी मी खोलीत भाकरी थापत होते. भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला.

"चोट्टे! माहं दावं कोठी नेलं?"

आणि काकूंचा आवाज, अगदी खाली आलेला, "नेलं मामाजी. मीच नेलं."

"काहून नेलं?"

"नियत फिरली माही."

"आण मंग!"

"आनतो. पयले जेवून घ्या, मंग आनतो."

माझी भाकरी तव्यावर करपली. दोऱ्यानं तेल मोजणारी ही बाई स्वतःच चोर? आणि तेही म्हाताऱ्या, डोक्यानं अधू सासऱ्याची? आणि दावं परत देण्याआधी जेवायची अट का? मला तो सौदाच वाटला. त्या दिवसापासून मी माझ्या ट्रंकेच्या कडीला माझाच एक केस बांधून ठेवू लागले. संशय लागट असतो. त्या घरात राहून मलाही तो लागला.

पुढे मी कान देऊन ऐकायला लागले आणि काय काय ऐकलं! काकूंनी आबांची कोपरी चोरल्याचं कबूल केलं. चष्मा चोरल्याचं कबूल केलं. एकदा तर पायातली एकच चप्पल. मी नळावर पाणी भरत असले की आबा मला हळूच जवळ बोलावत.

"पोरी, तू कोनाची?"

मी बापाचं नाव सांगायची.

"हे बाई चोर हाये. मी नाही म्हनत, थे सोताच सोताच्या तोंडानं सांगते. अन् मले उपाशी मारते."

पुरावाच होता. मी ऐकलंच होतं. मी ओढणीखालून त्यांना माझ्यातली अर्धी भाकर द्यायला लागले. ते भिंतीकडे तोंड करून खात. चार-पाच दिवसांत त्यांचं पोट बिघडलं आणि काकूंनी त्यांच्या कोपरीच्या खिशातून भाकरीचा चुरा काढला. तो बोटावर घेऊन वास घेतला आणि माझ्या दारात आल्या.

"तुह्या पिठात कोंडा जास्त हाये," एवढंच म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"मी उपाशी ठेवतो म्हनले असतीन."

मी हो म्हणाले.

"मंग आज दुपारी ये अन् पाह्य."

दुपारी मी पाहिलं. आबा पोटभर वरण-पोळी जेवले. काकूंनी ताट उचललं, विसळलं, पालथं घातलं. तेवढ्यात आबा म्हणाले, "सकायपासून अन्नाचा कन नाही पोटात." मला वाटलं आता काकू ते पालथं ताट दाखवतील. आमच्याकडे कोणीही तेच केलं असतं. काकू म्हणाल्या, "चुकलंच माहं मामाजी. मशीनवर बसलो अन् इसरलो." आणि एका वाटीत मूठभर मुरमुरे, वर दाळव्याचे चार दाणे घालून त्यांच्यासमोर ठेवले. आबांनी ते सावकाश खाल्ले. "आत्ता कसं," म्हणाले आणि झोपले.

तरी माझा संशय पूर्ण गेला नाही, हे खरं. जेवणाचं समजलं, पण चोरीचं काय? आणि माणसाशी सकाळ-संध्याकाळ खोटं बोलायचं, हे बरोबर आहे का? मला शाळेपासून खरं बोलायचं शिकवलं होतं.

मग एक दिवस दावं माझ्याच पिठाच्या डब्यात निघालं. डब्यात हात घातला तर तागाचा स्पर्श. आबा मी नळावर असताना खोलीत येऊन गेले असणार, पण हे कोण मानेल? मी दावं बाहेर काढावं की आत ढकलावं या विचारात असतानाच काकू दारात उभ्या.

"काकू, मी नाही ठेवलं."

"मालूम हाये." त्यांनी दावं उचललं, पीठ झटकलं, आणि तशाच पिठाच्या हातानं आबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मामाजी, हे घ्या. मीच लपवलं व्हतं."

"मले ठावूकच व्हतं," आबा म्हणाले. त्यांनी दावं छातीशी धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी विसरणार नाही. मोठी केस जिंकलेल्या माणसासारखं.

मी काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "तुम्ही असं कायले म्हणता? तेच ठेवतात आणि तेच विसरतात. तुम्ही खरं का सांगत नाही?"

"सांगून पाह्यलं न बाप्पा." त्या कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत. "पयले पयले सांगो. मामाजी, तुमीच ठेवलं, तुमीच इसरले. तं म्हने, म्हंजे मी येडा झालो काय? भिंतीवर डोकं आपटे. दोन दोन दिवस जेवे नाही. मंग एक दिवस माह्या तोंडातून निंघून गेलं, हो बाप्पा, मीच चोरलं. तं गपकन बसले. भाकर खाल्ली." त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "त्याईले चोर पायजे, पोरी. घरात चोर नाही म्हनलं तं येडा कोन, हे इचारा लागते. त्यापरीस चोर बरा."

मी फळीवरच्या डब्याकडे पाहत उभी राहिले.

"तू अशी उभी राहून डब्याकडं काय पाहून राह्यली? साखर नाही त्यात," त्या म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अकोल्याहून आबांचे धाकटे चिरंजीव आले. नोकरीवाले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, स्वतःची गाडी. काकू त्यांना भाऊजी म्हणत. त्यांच्या येण्यातच काहीतरी ठरवलेलं दिसत होतं. चपला काढल्या नाहीत तोच गल्लीतून कानावर आलेलं त्यांनी सुरू केलं. म्हाताऱ्याच्या वस्तू चोरीला जातात. म्हातारा उपाशी असतो. भावजय स्वतः कबूल करते, सगळी गल्ली ऐकते.

काकूंनी चहा ठेवला. आणि नशीब असं की तेवढ्यात आतून आबा ओरडले, "चोट्टे! माहा चष्मा!" काकूंनी सवयीनं चुलीपासूनच हाक दिली, "हो मामाजी, मीच नेला, आनतो!"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "ऐकलं मी. आता काही विचारायचं राहिलं नाही." मग माझ्याकडे वळले. "तू इथं राहतेस. शिकलेली आहेस. तू सांग, ही चोरते की नाही?"

घरातली पहिली शिकलेली मी, आणि मला पहिल्यांदा कोणी शिकलेली म्हणून साक्ष विचारत होतं. मी उभी राहिले. "चोरतात... म्हणजे चोरत नाहीत. पण हो म्हणतात. म्हणजे, आबा म्हणतात म्हणून त्या..."

"एक काय ते सांग!"

मी परत खाली बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"उद्या पोळा झाला की बाबांना घेऊन जातो," भाऊजी म्हणाले. "तिकडे डॉक्टर आहेत, सगळं आहे. आणि खरं बोलणारी माणसं आहेत."

मला वाटलं काकू भांडतील. ज्या बाईनं कोथिंबिरीच्या काडीवरून भाजीवाल्याला रस्त्यात उभं केलं होतं, ती. त्यांनी फक्त कप उचलला आणि म्हणाल्या, "दावं संग न्या."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. लोण्यात हळद कालवून मानेवर, खांद्यावर चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर राबवून घेतलं, आता पाहुणा म्हणून घरी या, असा त्याचा अर्थ. आबांना वार-तारीख कळत नव्हती, पण शेजारच्या गोठ्यातून हळदीचा वास आला आणि ते खाटेवरून उठले. खुंटीला हात लावला. दावं नव्हतं.

समोर मुलगा उभा होता.

"तू नेलं!"

"बाबा, मी आत्ताच आलो. मी कशाला नेऊ?"

"दावं दे! बैल सुटतीन!"

"बाबा, बैल नाहीत. बैल कधीच विकले आपण. आठवा जरा. मेडशीच्या माणसाला दिले, तुम्हीच दिले."

भाऊजी खरं बोलत होते. एकेक शब्द खरा होता. आणि प्रत्येक शब्दागणिक आबांचा चेहरा असा होत गेला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "इकले?" ते म्हणाले. "माहे बैल इकले? मले न इचारता?" ते खाली बसले आणि मोठ्यानं रडू लागले. भाऊजी घाबरले. घाबरल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. आणखी मोठ्यानं खरं सांगायला लागले.

काकू बाहेर आल्या. त्यांची नजर खोलीभर फिरली, तीच नजर, पीठ भुरभुरलेला उंबरा पाहणारी. ती भाऊजींच्या बॅगेवर थांबली. बॅगेची चेन अर्धवट उघडी होती आणि आतून चिंधीचं एक टोक बाहेर आलं होतं. मी पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं, आणि ते जागच्या जागी गार पडले. आबांनीच केव्हातरी कोंबलं असणार, माझ्या डब्यात कोंबलं होतं तसं. पण भरल्या घरात, त्यांच्याच बॅगेत, चोरीचा माल.

काकूंनी दावं ओढून काढलं, पदराखाली घेतलं आणि आबांसमोर जाऊन बसल्या. "त्याईले काहून बोलता मामाजी? चोर मी हावो. बैल कुठी नाही गेले. हे घ्या तुमचं दावं."

आबांनी डोळे पुसले. मुलाकडे पाहिलं. "पाह्य! मी काय म्हनत व्हतो?"

भाऊजींनी बॅगेची चेन ओढून लावली.

काकूंनी वाटीत लोणी-हळद कालवून आणली आणि आबांच्या हातात दिली. आबा वाटी घेऊन उठले, इकडेतिकडे पाहिलं, आणि मुलाच्या मागे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पांढऱ्या शर्टावर पिवळी बोटं उमटली.

"बाबा, मी..."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "बसा जराशे. हालू नोका."

ते बसले. म्हातारा दोन्ही खांदे मळत होता, कॉलरच्या आत, मानेपर्यंत, जिथे जू घासतं तिथे जास्त वेळ. मग वाकून मुलाच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भाऊजींची मान खाली गेली होती. ती त्यांनी बराच वेळ वर केली नाही.

एवढं झालं म्हणून भाऊजींचा संशय गेला असं नाही. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन ते आबांना घेऊन गेलेच. गाडीत बसताना आबांनी काकूंकडे बोट करून मुलाला बजावलं, "इच्यावर ध्यान ठेवजो." काकूंनी दाव्याची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत येऊन दाराची कडी लावली. भरदुपारी, मी घरात असताना, त्यांनी उंबऱ्यावर पीठ टाकलं नाही. ते मला बरं वाटलं नाही. चोरानं नेण्यासारखं आता घरात काही नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे शांत असायचं. काकू मशीनवर बसत, पण धागा ओवून तशाच राहत.

काही दिवसांनी फोन आला. मी तिथेच लसूण सोलत होते. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. भाऊजींचा आवाज बदललेला होता. नोकरीतली शुद्ध भाषा गळून पडली होती.

"वहिनी, बाबा दोन दिसापासून जेवले नाही. म्हन्ते दावं चोरलं. अवं, खुंटीलेच हाये! काढून हातात देल्लं तं म्हन्ते हे माहं नाही, तू बदललं. काय करू मी?"

"तुमी काय सांगता त्याईले?"

"खरं सांगतो. मी नाही चोरलं."

"कबूल करा न."

"कसं कबूल करू, वहिनी? मी चोरलंच नाही!"

काकूंनी फोन तोंडाजवळ धरला.

"मी तरी कुठी चोरलं व्हतं, भाऊजी?"

मला वाटलं फोन कटला. मग दूरवर आबांची कुरकुर ऐकू आली, पावलं ऐकू आली, आणि भाऊजींचा आवाज, अडखळत, लहान पोरासारखा, "हो बाबा. मीच नेलं. चुकलं माहं."

आणि आबा, मोठ्यानं, खुशीत, "मले मालूमच व्हतं! आण, अन् वाढ काईतरी!"

काकूंनी फोन ठेवला. पदरानं नाक पुसलं आणि ताबडतोब माझ्याकडे संशयानं पाहिलं. "लसून इतका काहून सोलला?"

आता आबा थोडे दिवस काकूंकडे असतात, थोडे दिवस अकोल्याला. दावं पिशवीतून जातं-येतं. दोन्ही घरांत एकेक चोर आहे. मी आता पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला असते. पण त्या फोनच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

लसूण झाल्यावर काकू फोडणीला उठल्या आणि बाटली हातात घेऊन थबकल्या. तेल दोऱ्याच्या बरंच खाली होतं. सकाळी त्यांनीच कुरडया तळल्या होत्या आणि दोरा सरकवायचा राहिला होता. मी समोरच होते, मी पाहिलं होतं. तुम्हीच विसरल्या काकू, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

"तेल कोनं घेतलं?"

"मी घेतलं, काकू."

त्या माझ्याकडे वळल्या. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ट्रंक उघडली होती त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"चाल, बह्याड कुठची," त्या म्हणाल्या. "तू तेल घेतलं असतं तं तुहे केस असे खराट्यावानी राह्यले असते काय?"

आणि त्यांनी दोरा तेलापर्यंत खाली सरकवला.